वाक्यात उपयोग करा: फ्रेंच वाक्प्रचार अर्थासकट आणि वापरासकट कसे शिकायचे

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा: 'पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' 'तोंडचे पाणी पळणे' आलं की निम्मा वर्ग लिहायचा, 'वाघाला पाहून रामूच्या तोंडचे पाणी पळाले.' अर्थ बरोबर, वाक्य बरोबर, गुण पदरात. पुढे मी फ्रेंच शिकले, मग शिकवायला लागले, तेव्हा लक्षात आलं की फ्रेंच वाक्प्रचार अंगवळणी पाडायची जवळपास सगळी रीत या एका प्रश्नात आहे. पण आपण सगळा जोर अर्थ पाठ करण्यावर लावतो आणि 'वाक्यात उपयोग' रामूच्या वाघावर उरकून टाकतो.

हा लेख त्या दुसऱ्या भागासाठी आहे. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेली मुलं, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रांसेझमध्ये जाणारे, डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्राची बी-१, बी-२ परीक्षा देणारे, कामासाठी कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकला निघालेले, अशा सगळ्यांना हा उपयोगी पडेल. व्याकरण येतं, धडा वाचता येतो, पण फ्रेंच माणसं आपापसांत बोलायला लागली की मधलाच धागा सुटतो, अशी ज्यांची स्थिती आहे ते यात स्वतःला ओळखतील.

लिपीबद्दल आधी सांगते. इथे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत, ते फक्त ओळख पटावी म्हणून. 'प्लो', 'फो', 'यो' असं मी लिहीन तिथला स्वर मराठीत नाही. ओठ 'ओ' म्हणताना होतात तसे गोल ठेवायचे आणि जीभ 'ए'च्या जागी. 'द्यु', 'स्युर' यांत ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. वहीत मात्र प्रत्येक वाक्प्रचार फ्रेंच स्पेलिंगनेच उतरवा.

माझ्या हातून झालेली एक चूक

विद्यार्थिदशेत फ्रान्समध्ये असताना एका प्राध्यापकांनी मला मंगळवारी अकराला भेटायला बोलावलं होतं. मी तासभर दाराबाहेर थांबले, ते आलेच नाहीत. दोनच दिवस आधी मी 'पोझे अँ लापँ' शिकले होते. शब्दशः 'ससा ठेवणे', अर्थ 'भेटायचं ठरवून न येणे'. संध्याकाळी मी त्यांना मेल लिहिली, 'मंगळवारी तुम्ही मला ससा ठेवलात.' आदरार्थी 'व्हू' वापरलं होतं, क्रियापदाचं रूप चोख होतं. उत्तर आलं ते एका ओळीचं आणि कोरडं. त्यानंतर ते माझ्याशी कधी मोकळेपणाने बोलले नाहीत.

पुढे एका फ्रेंच मैत्रिणीने समजावून सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. हा वाक्प्रचार मित्रामित्रांतला, प्रेमात पडलेल्यांचा. मी सरांना जे लिहिलं ते मराठीत असं झालं होतं: 'सर, मंगळवारी तुम्ही मला टांग दिलीत.'

माझ्या वहीत त्या शब्दापुढे 'ठरलेल्या भेटीस न येणे' असं लिहिलं होतं. अर्थ शंभर टक्के बरोबर. पण तिथे 'टांग देणे' असं लिहिलेलं असतं, तर ती मेल माझ्या हातून गेलीच नसती. तेव्हापासून मी वहीची पद्धत बदलली: प्रत्येक फ्रेंच वाक्प्रचारापुढे मराठी अर्थ लिहायचा नाही, त्याच पायरीवरचा मराठी वाक्प्रचार शोधायचा. आपण मराठी माणसं यात नशीबवान आहोत. आपली बोलीच वाक्प्रचारांवर उभी आहे, त्यामुळे जोडीदार बहुतेक वेळा सापडतो.

पहिली पायरी: हा वाक्प्रचार आहे हे ओळखणं

काही वाक्प्रचार स्वतःच हात वर करतात. बोलणं ऑफिसचं चाललंय आणि मध्येच ससा, सफरचंद किंवा दोरखंड आला, की समजायचं. 'इल प्लो दे कॉर्द', दोरखंडांचा पाऊस पडतोय, म्हणजे मुसळधार. मुसळांचा पाऊस पाडणाऱ्या भाषेला दोरखंडांचं नवल वाटायला नको.

अवघड असतात ते शब्दशः घेतले तरी अर्थ लागणारे. 'एल आ ल ब्रा लाँ', तिचा हात लांब आहे. असेलही. पण अर्थ आहे, तिचे हात वरपर्यंत पोचलेले आहेत, तिची ओळख-वशिला मोठा आहे. इथे एक खूण फार कामी येते, ती म्हणजे आर्टिकल. फ्रेंचमध्ये 'ल, ला, ले' हे ठरावीक वस्तूसाठी येतं. 'तोंबे दाँ ले पॉम' म्हणजे 'सफरचंदांत पडणे'. कुठली सफरचंदं? आधी तर कुणी त्यांचं नाव काढलं नव्हतं. 'जे ल काफार', माझ्याकडे 'ते' झुरळ आहे. कुठलं झुरळ? आधी उल्लेख नसताना वस्तू ठरावीक असल्यासारखी आली की थांबा. पहिल्याचा अर्थ चक्कर येऊन पडणे, दुसऱ्याचा मन उदास असणे.

ओळख पटली की शब्दकोशात त्यातल्या नामाखाली शोधा, क्रियापदाखाली नाही. 'आव्वार', 'फेर', 'मेत्र' या क्रियापदांच्या नोंदी पानंच्या पानं असतात, तिथे हरवायला होतं. 'लापँ'खाली मात्र ससा लगेच हाती लागतो. इंटरनेटवर 'त्रेझोर द ला लाँग फ्रांसेझ' हा कोश फुकट उघडता येतो. तो मुळात १९७१ ते १९९४ या काळात सोळा खंडांत छापला गेला. जुने-नवे अर्थ आणि पुस्तकांतली वाक्यं, दोन्ही त्यात आहेत. रोजच्या कामाला 'रोबेर' किंवा 'लारूस' पुरतो.

दुसरी पायरी: सांगाडा उतरवून घ्या

वाक्प्रचारातलं काय हलतं आणि काय हलत नाही, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवायचं. नंतर लिहू म्हटलं की राहतं, आणि चुका इथेच होतात.

'त्रास देणे, डोकं खाणे' याला फ्रेंच म्हणतात 'कासे ले पिए आ केल्कँ', म्हणजे कोणाला तरी पाय मोडणे. आपण म्हणतो, 'माझं डोकं खाऊ नकोस.' डोक्याला 'माझं' लागतं. म्हणून आपला विद्यार्थी हमखास 'त्यु कास मे पिए' असं रचतो, 'तू माझे पाय मोडतोस'. फ्रेंच कानाला हे खरोखरच्या मारहाणीसारखं लागतं. बरोबर वाक्य 'त्यु म कास ले पिए'. 'मला' सर्वनामात गेलं आणि पायांना नुसतं 'ले' उरलं.

याच्या अगदी उलट 'प्राँद्र से जाँब आ सों कू'. पाय मानेशी घेणे, म्हणजे धूम ठोकणे, आपलं ढुंगणाला पाय लावून पळणे. इथे स्वामित्वदर्शक लागतंच आणि माणसागणिक बदलतं: मी पळाले तर 'मे जाँब आ मों कू', तू पळालास तर 'ते जाँब आ तों कू'. दोन्ही शरीराचे, दोन्ही पायांचे, आणि सांगाडे मात्र वेगळे. नियम करून चालत नाही, वहीत उतरवावं लागतं.

काही वाक्प्रचार नकारातच जगतात. मराठीत 'गंधवार्ता नसणे' आहे, पण 'मला त्याची गंधवार्ता आहे' असं कुणी म्हणत नाही. तसंच 'न पा-झेत्र दाँ सों-नासिएत', आपल्या ताटलीत नसणे, म्हणजे बरं न वाटणे, नेहमीसारखं नसणे. 'आज मी माझ्या ताटलीत आहे' म्हणून 'मी मजेत आहे' असं सुचवायला जाऊ नका. 'स ने पा ला मेर आ ब्वार' हेही तसंच: समुद्र प्यायचा नाहीये, एवढं काही अवघड नाही. बोलताना यांतला 'न' गळून पडतो हेही कानाला सांगून ठेवा. 'ज न स्वी पा'चं 'श्वी पा' होतं, आणि न ओळखणाऱ्याचं सगळं वाक्य निसटतं.

संख्याही हलत नाहीत. तोंडात बसली की 'व्वार त्राँत-सी शाँदेल', छत्तीस मेणबत्त्या दिसतात. पस्तीस नाही, सदतीस नाही. आपल्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पण निदान ते कुणी मोजलेले नाहीत.

आणखी एक सवय लक्षात ठेवा. लांब वाक्प्रचार लोक अर्धवटच बोलतात. आपण 'नाचता येईना...' एवढं म्हणून सोडून देतो, पुढचं अंगण ऐकणाऱ्याने मनात घालायचं. फ्रेंचमध्ये 'फो पा पुसे' (इथला 'फो' मात्र साध्या 'ओ'चा) हे तसं अर्धं वाक्य आहे, 'ढकलू नये'. पूर्ण रूप आहे 'आजीला खाजऱ्या झुडपांत ढकलू नये', म्हणजे इतकं ताणू नये, अति करू नये. आजी आणि झुडपं ठाऊक नसतील, तर नुसत्या 'ढकलू नये'चा अर्थ लागणार कसा?

तिसरी पायरी: मराठी जोडीदार शोधा आणि त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण गंमत आणि धोका दोन्ही इथे आहेत.

चित्र आणि अर्थ दोन्ही जुळणारे थोडे आहेत. 'मेत्र द लुइल स्युर ल फो' म्हणजे आगीत तेल ओतणे. हे फुकटात मिळतात, पुढे चला.

चित्र वेगळं पण अर्थ तोच, असे पुष्कळ. भूक लागली की आपल्या पोटात कावळे ओरडतात, फ्रेंच माणसाचं पोट टाचांत उतरतं: 'आव्वार लेस्तोमा दाँ ले तालों'. आपण म्हणतो गाढवाला गुळाची चव काय, ते म्हणतात डुकरांना मुरांबा देणे. सोप्या गोष्टीला आपण डाव्या हातचा मळ म्हणतो, ते म्हणतात 'ले द्वा दाँ ल ने', बोटं नाकात घालूनही होईल. सरळ काम वाकडं करणाऱ्याला आपण द्राविडी प्राणायाम करणारा म्हणतो, तर त्यांच्याकडे तो 'दुपारी दोन वाजता भरमध्यान्ह शोधतो': 'शेर्शे मिदी आ कातोर्झ-अर'. अशा जोड्या पक्क्या लक्षात राहतात, कारण दोन चित्रं शेजारी ठेवली की मन स्वतःच त्यांची तुलना करतं.

तिसरा प्रकार घातक, कारण चित्र ओळखीचं आणि अर्थ निराळा. 'स मेत्र ल द्वा दाँ लॉय' म्हणजे स्वतःच्या डोळ्यात बोट घालणे. मराठी मनाला लगेच 'डोळ्यांत अंजन घालणे' आठवतं आणि वाटतं, अर्थ डोळे उघडणे असा असणार. नेमका उलटा आहे: साफ चुकणे, भलत्याच समजुतीत असणे. 'आव्वार ल कर स्युर ला मँ', हृदय हातावर असणे, ऐकलं की आपल्याला शिर तळहातावर घेतलेला मावळा दिसतो. फ्रेंचमध्ये तो दिलदार, सढळ हाताचा माणूस असतो.

आणि काही ठिकाणी फरक केसाएवढा असतो. 'जते द ला पूद्र ओ-झ्यो' शब्दशः डोळ्यांत धूळच फेकणे आहे. पण आपण धूळ फेकतो ती काहीतरी लपवून निसटायला: पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकून चोर पळाला. फ्रेंच माणूस धूळ फेकतो ती दिपवायला, आहे त्यापेक्षा मोठं दिसायला. लाबिश या फ्रेंच नाटककाराचं १८६१ सालचं एक प्रहसन याच नावाचं आहे. मुला-मुलीचं लग्न जमवताना दोन मध्यमवर्गीय कुटुंबं एकमेकांपुढे श्रीमंतीचा आव आणतात, ही त्याची गोष्ट. त्या पळालेल्या चोराला फ्रेंचमध्ये 'पूद्र ओ-झ्यो' लावता येत नाही. बडेजावाला मात्र तो चपखल बसतो.

'डोंगर पोखरून उंदीर काढणे'चंही तसंच. फ्रेंचमध्ये डोंगर आहे, उंदीर आहे, पण पोखरणारा नाही. तिथे डोंगरच बाळंत होतो आणि उंदराला जन्म देतो. आपल्या म्हणीत भर कष्टावर आहे: एवढे खपलो आणि हाती काय आलं? त्यांच्यात भर गाजावाजावर आहे: एवढ्या कळा, एवढा आरडाओरडा, आणि निघालं काय? सरकारने मोठी योजना जाहीर केली आणि आत काहीच नव्हतं, तर फ्रेंच मथळ्यात तो डोंगर बाळंत होतो. तुम्ही रात्रभर कागद धुंडाळून एक पावती शोधलीत, तर तिथे हा डोंगर आणू नका.

अस्वलाच्या कातड्याची गोष्ट तर आपल्या घरातलीच वाटावी. दोन मित्र, अस्वल, एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो, अस्वल त्याच्या कानाशी येतं. आपल्याकडे अस्वल कानात सांगतं की संकटात पळून जाणाऱ्या मित्रावर विश्वास ठेवू नकोस. ला फोंतेन या फ्रेंच कवीने १६६८ च्या संग्रहात हीच गोष्ट सांगितली, पण त्याच्या दोघा मित्रांनी जिवंत अस्वलाचं कातडं आधीच विकून टाकलंय, आणि त्याचं अस्वल कानात सांगतं: लोळवल्याशिवाय अस्वलाचं कातडं विकू नये. 'वाँद्र ला पो द लूर्स' तिथून घराघरांत गेलं. जोडीदार म्हणून 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' सुचतं आणि बहुतेक वेळा बसतंही. पण आपल्या म्हणीत हाती न आलेल्या वस्तूवरून भांडण आहे, त्यांच्यात हाती न आलेल्या वस्तूवर हिशेब आहे. निकालाआधी पेढे वाटणाऱ्याला कातडं लागू पडतं, तुरी तितक्याशा लागू पडत नाहीत.

ला फोंतेनचं आपल्याशी नातंही आहे. १६७८ च्या दुसऱ्या संग्रहात त्याने स्वतःच लिहिलं की यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी तो पिल्पे या भारतीय ज्ञान्याचा ऋणी आहे. पिल्पे म्हणजे पंचतंत्राच्या अरबी-फारसी वाटेने युरोपात पोचलेलं नाव. दुधाची घागर डोक्यावर घेऊन मनोरे रचणारी त्याची पेरेत वाचताना पंचतंत्रातला सातूच्या पिठाचा घडा लाथेने फोडणारा ब्राह्मण आठवल्याशिवाय राहत नाही.

चौथी पायरी: कोण, कोणाला, कुठे

शब्दकोशात वाक्प्रचाराआधी छोटी खूण असते. 'फाम.' म्हणजे फामिलिए, घरातली, मित्रांतली भाषा. 'व्हुल्ग.' म्हणजे शिवराळ. 'लिते.' म्हणजे ग्रंथातली. 'व्ह्यो' किंवा 'व्हिये-यी' म्हणजे जुनी, मागे पडत चाललेली. ही खूण वहीत अर्थाच्याही आधी लिहा, आणि मग मराठी जोडीदार त्याच पायरीचा निवडा.

'आँ फेर तू-तँ फ्रोमाज' हा वाक्प्रचार घ्या, एखाद्या गोष्टीचं अख्खं चीज करणे. पुस्तकात त्यापुढे 'राईचा पर्वत करणे' लिहिलेलं सापडेल. अर्थ बरोबर आहे, पण राईचा पर्वत अग्रलेखात शोभतो, चीज शोभत नाही, कारण चीज 'फाम.' आहे. त्याचा खरा जोडीदार आजच्या बोलण्यातला 'इश्यू करणे'. 'नाँ फे पा तू-तँ फ्रोमाज' म्हणजे 'उगाच इश्यू करू नकोस'. 'माझ्या अर्जातल्या चुकीचा इश्यू करू नका' असं तुम्ही बँकेच्या मॅनेजरला लिहाल का? मग तिथे चीजही नको.

शिवराळ वाक्प्रचार कानावर येतीलच, फ्रान्समध्ये पहिल्याच आठवड्यात येतील. समजून घ्या, बोलू नका. परक्याच्या तोंडी ते दुप्पट जड होतात.

औपचारिक जागी काय लिहायचं, हेही शिकून ठेवा. त्या मंगळवारी मी लिहायला हवं होतं 'सोफ एरर द मा पार', म्हणजे 'माझी चूक होत नसेल तर', आणि पुढे, 'आपली मंगळवारी अकराला भेट ठरली होती'. चूक स्वतःकडे घेऊन आठवण करून द्यायची ही फ्रेंच पत्रांतली रुळलेली रीत आहे. मी ती आज दर महिन्याला वापरते.

पाचवी पायरी: उगम, पण मीठमसाल्याशिवाय

उगम कळला की वाक्प्रचार डोक्यात खिळ्यासारखा बसतो. पण इंटरनेटवर उगमाच्या कथांचं पीक आहे आणि त्यांतल्या कितीतरी मागाहून रचलेल्या आहेत. सफरचंदांत पडण्याची तर तीन-चार स्पष्टीकरणं फिरतात. म्हणून लिखित पुरावा असेल तेवढाच उगम मी वर्गात सांगते.

'रवनों आ नो मुतों', आपल्या मेंढ्यांकडे परत येऊ, म्हणजे मूळ मुद्द्यावर येऊ. हा पंधराव्या शतकातल्या 'मेत्र पातलँ' या प्रहसनातून आला. एका कापड व्यापाऱ्याच्या मेंढ्या धनगराने चोरल्या म्हणून खटला चालू आहे. पण धनगराचा वकील तोच निघतो ज्याने व्यापाऱ्याचं कापड लुबाडलेलं असतं. व्यापारी चिडून कापड आणि मेंढ्या यांची सरमिसळ करत जातो, आणि न्यायाधीश त्याला पुन्हा पुन्हा मेंढ्यांकडे वळवतो. हे एकदा ऐकलं की वापरही कळतो: बोलणं भरकटलं, आता वळवायचंय, अशाच ठिकाणी.

'दॉने सा लाँग ओ शा', आपली जीभ मांजराला देणे. कोडं सुटत नाही, हरलो, तूच सांग. पूर्वी जीभ कुत्र्यांपुढे टाकत. पत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या मादाम द सेव्हिन्येने १५ डिसेंबर १६७० च्या पत्रात राजाच्या चुलत बहिणीचं अनपेक्षित लग्न जाहीर करताना ओळीच्या ओळी कोडं घालून ठेवलं आणि मध्येच विचारलं, टाकताय का जीभ कुत्र्यांपुढे?

ताटलीचं कोडं शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. 'आसिएत' म्हणजे आधी बसण्याची ढब, घोडेस्वाराची बैठक, ताटली नंतरची. बैठक मोडलेली आहे, म्हणून बरं वाटत नाही. आणि 'आव्वार द्यु पँ स्युर ला प्लाँश', फळीवर पाव असणे, याचा अर्थ तर उलटून गेला. पूर्वी पाव एकदम भाजून फळीवर साठवत, तेव्हा हा बेगमीचा शब्द होता. आज अर्थ आहे: ढीगभर काम पडलंय. जुन्या पुस्तकात भेटला तर आधी साल बघा.

सहावी पायरी: एकेकटे नको, गोतावळा शिका

'कू' या एका शब्दाने नवशिका हैराण होतो. मूळ अर्थ तडाखा, फटका. पण 'कू द फील' म्हणजे फोन, 'कू द बाले' म्हणजे केर काढणं, 'ब्वार अँ कू' म्हणजे एखादा पेग घेणं. तडाख्याचा संबंध काय?

आता आपलं 'मारणे' आठवा. आपण फोन मारतो, झाडू मारतो, पेग मारतो, शिवाय चक्कर मारतो, गप्पा मारतो, हाक मारतो, दांडी मारतो. यांत कोणी कोणाला मारत नाही. झटक्यात केलेली, एका दमात उरकलेली क्रिया, एवढाच 'मारणे'चा अर्थ तिथे उरतो. 'कू'चंही तेच. 'कू दॉय' म्हणजे झटकन टाकलेली नजर. 'कू द तेत', डोक्याचा झटका, म्हणजे लहर. 'स्युर अँ कू द तेत' नोकरी सोडली म्हणजे आगापीछा न पाहता सोडली. 'कू द फूद्र', विजेचा तडाखा, म्हणजे पहिल्या नजरेतलं प्रेम. 'कू द बार' म्हणजे दुपारी जेवणानंतर अंग एकदम गळून जातं ते. माझ्या वर्गात 'मारणे' फळ्यावर लिहिलं की 'कू'ची भीती तिथेच संपते.

एक जोडी मात्र नीट बघा. 'दॉने अँ कू द मँ' म्हणजे हातभार लावणे. 'आव्वार ल कू द मँ' म्हणजे हातोटी असणे. क्रियापद आणि आर्टिकल बदललं आणि मदत जाऊन कौशल्य आलं. आणि कानाची फसगत: मानेलाही 'कू'च म्हणतात, उच्चारात तसूभर फरक नाही. पाय मानेशी घेऊन पळतात, तडाख्याशी नाही.

असाच गोतावळा पावाचा आहे, सूपचा आहे. 'सूप ओ ले', दुधाचं सूप, म्हणजे दूध उतू जावं तसा क्षणात भडकणारा माणूस. 'क्राशे दाँ ला सूप', सूपमध्ये थुंकणे, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे. एका आठवड्यात एक गोतावळा घ्या.

मुक्काम कुठे आहे तेही बघा

क्वेबेकला जाणाऱ्यांनी पॅरिसचे वाक्प्रचार घोकून भागत नाही. तिथे कडाक्याच्या थंडीला 'इल फे फ्रेत' म्हणतात आणि धीर सोडू नकोस म्हणायला 'लाश पा ला पातात', बटाटा सोडू नकोस. बेल्जियममध्ये कोणाशी जुना हिशेब चुकता करायचा असेल तर त्याच्याबरोबर 'अंडं सोलायचं' असतं. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात अपेक्षेपेक्षा बरं निघालं की 'देस्यु आँ बिएँ' म्हणतात, चांगल्या बाजूने निराश. हे ऐकून समजावेत एवढं आधी पुरे. बोलायला तिथे पोचल्यावर लागा.

वहीचं एक पान, एक आठवडा

आठवड्याला तीन, जास्त नाही. सोमवारी निवडायचे ते यादीतून नाही, ऐकलेल्यातून किंवा वाचलेल्यातून. आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं रोजचं बातमीपत्र आणि टीव्ही-५ मोंदचे शिकणाऱ्यांसाठीचे व्हिडिओ फुकट आहेत, दोन्हींत मिळतात. प्रत्येकाला एक अख्खं पान. वर फ्रेंच वाक्य, जसं भेटलं तसंच, कोण कोणाला म्हणालं त्यासकट. खाली सांगाडा. मग कोशातली खूण. मग त्याच पायरीचा मराठी जोडीदार, आणि दोघांत केसाएवढा फरक असेल तर तो लाल शाईने.

पानाचा खालचा अर्धा भाग रिकामा सोडायचा. तिथे आठवडाभरात तीन वाक्यं लिहायची, आपल्याच आयुष्यातली. 'त्राफिकमुळे माझं पोट टाचांत उतरलं' चालेल, रामू आणि वाघ चालणार नाही. एक वाक्य भूतकाळात, एक प्रश्नार्थक, एक सर्वनामासकट. चौथं वाक्य सर्वांत महत्त्वाचं: हा वाक्प्रचार ज्या माणसाला कधीही म्हणणार नाही, त्याचं नाव लिहायचं आणि त्याऐवजी काय म्हणू ते लिहायचं.

माझ्या सशाच्या पानावर त्या जागी त्या प्राध्यापकांचं नाव आहे, आणि खाली 'सोफ एरर द मा पार'ने सुरू होणारं पूर्ण वाक्य.

रविवारी पान झाकून फक्त मराठी जोडीदार वाचायचा आणि फ्रेंच मोठ्याने म्हणायचं. आलं नाही तर पान पुढच्या आठवड्यात न्यायचं, आणि त्या आठवड्यात नवे दोनच घ्यायचे.